आजार राहणार आहे, मग नोकरीचं काय?

या वेळच्या पत्रांमध्ये एकच काळजी वेगवेगळ्या तोंडांनी बोलते आहे. आजार आता आयुष्यभराचा सोबती झाला, मग पोटापाण्याचं काय आणि रोजच्या जगण्याचं काय? मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारपणानंतर माणसाला त्याच्या रोजच्या कामात परत उभं राहायला मदत करणं हा माझा व्यवसाय. मला स्वतःला विशीपासून आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून जे दिसलं ते सांगते. औषधांविषयी जे लिहिलंय ते डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावं म्हणून. स्वतःच्या मनाने डोस बदलू नका. पत्रं थोडक्यात घेतली आहेत, आणि ओळख पटेल असा मजकूर काढला आहे.

प्रश्न : मी ३८ वर्षांची आहे, एका कंपनीच्या लेखा विभागात काम करते. तीन वर्षांपूर्वी आमवाताचं निदान झालं. सकाळी उठल्यावर दोन तास तरी हात चालत नाहीत. ऑफिसला पोहोचेपर्यंत निम्मी ताकद संपलेली असते. महिनाअखेरीला काम वाढलं की सांधे हमखास सुजतात. साहेब समजूतदार आहेत, पण सहकारी आता टोमणे मारू लागलेत. वाटतं, राजीनामा देऊन मोकळं व्हावं. निदान तब्येत तरी सांभाळता येईल. काय करू?

राजीनामा एवढ्यात लिहू नका. तुमच्या पत्रातली नोकरीच्याही आधी मला खटकलेली गोष्ट म्हणजे सकाळचे ते दोन तास.

आमवातात हात सकाळीच का आखडतात, याला कारण आहे. पहाटे रक्तात दाह वाढवणारी द्रव्यं चढलेली असतात, त्यांत इंटरल्युकिन-६ महत्त्वाचं. दाहाला आवर घालणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल तोवर पुरेसं वर आलेलं नसतं. म्हणून बोटं मुठीत वळत नाहीत, किल्ली चिमटीत धरली तरी कुलपात फिरत नाही, बटण काजापाशी जाऊन अडतं. हे मी भोगलंय, त्यामुळे तुम्ही 'हात चालत नाहीत' एवढंच लिहिलंत तरी मला पुढचं दिसलं. पण हा आखडलेपणा किती वेळ टिकतो यावरून आजार कितपत आटोक्यात आहे याचा अंदाज येतो. तीन वर्षं उपचार घेऊनही दोन तास लागत असतील, तर चालू उपचार पुरे पडत नसावा. नोकरीचा निर्णय घेण्याआधी हे डॉक्टरांपर्यंत पोहोचलं पाहिजे.

आमवाताच्या उपचारांत आता उद्दिष्ट ठरवून चालतात. आजार पूर्ण शांत व्हावा, नाहीतर जवळजवळ शांत. औषध सुरू केल्यावर तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही, किंवा सहा महिन्यांत ठरलेल्या टप्प्यावर पोहोचलो नाही, तर उपचार बदलायचा किंवा जोडीला दुसरं औषध द्यायचं. १९९८ मध्ये या आजारासाठी पहिलं जैविक औषध, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेलं, बाजारात आलं आणि चित्र पुष्कळ पालटलं. त्याआधीच्या अभ्यासांत आजार सुरू झाल्यापासून दहा वर्षांत साधारण निम्मे रुग्ण कामाबाहेर पडलेले दिसायचे. त्या काळातल्या भीतीवर तुमचा आजचा निर्णय उभा राहू नये.

अडचण अशी की डॉक्टरांसमोर बसलं की आपण 'बरं आहे, थोडं दुखतं' म्हणतो आणि उठतो. पुढच्या वेळी कामाच्या भाषेत सांगा. 'साडेसहाला उठते, साडेआठपर्यंत पेन धरता येत नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही मनगटं सुजतात. मागच्या महिन्यात यामुळे इतके दिवस रजा पडली.' असं ऐकल्यावर डॉक्टरांना काही करता येतं. 'थोडं दुखतं' यावर त्यांनी तरी काय करायचं?

मेथोट्रेक्सेट चालू असेल तर आणखी एक. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. बऱ्याच जणांना ते घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मळमळतं, ग्लानी येते. तुमचा तो दिवस कामाच्या वारी येत असेल, तर औषधाचा वार सुट्टीच्या आदल्या दिवशी नेता येईल का, हे विचारून बघा. एवढ्याने दर आठवड्याला कामाचा एक अख्खा दिवस परत मिळालेली माणसं मी पाहिली आहेत.

आता नोकरी. 'मला हे काम झेपेल का?' हा प्रश्न इतका मोठा आहे की त्याचं उत्तर आपल्या वतीने भीतीच देऊन टाकते. तो फोडायला हवा. दोन आठवडे एक छोटी वही जवळ ठेवा. तासातासाला तीनच गोष्टी लिहा : काय केलं, दुखणं दहापैकी किती, थकवा दहापैकी किती. कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे अक्षर कसंही चालेल.

या वहीतून काय निघतं ते एका उदाहरणाने सांगते. आमवात असलेल्या एक बाई माझ्याकडे यायच्या. त्या कार्यालयात नोंदणीचं काम करायच्या, आणि टायपिंगमुळेच हात गेले अशी त्यांची खात्री होती. वहीत वेगळंच निघालं. टायपिंगच्या तासांपुढे दुखणं तीन-चार. पण रोज सकाळी साडेनऊ ते साडेदहा या वेळेपुढे आठ, कधी नऊ. त्या तासात त्या काय करायच्या? आदल्या दिवशीचे कागद पंच करायचे, स्टेपल करायचे आणि खांद्याच्या वरच्या कपाटातल्या जाड बॉक्स फाइली काढून त्यांत लावायचे. हात सर्वांत आखडलेले असताना चिमटीचं, जोर लावायचं आणि हात वर करण्याचं काम, तिन्ही एकदम. त्यांनी ते काम शेजारच्या सहकाऱ्याला दिलं आणि त्याचं स्कॅनिंग आणि नोंदी आपल्याकडे घेतल्या. फाइली कमरेच्या उंचीला आणल्या. विजेवर चालणारा स्टेपलर मागवला. पद तेच राहिलं, पगार तोच राहिला.

तुमच्या वहीतही असा एखादा तास सापडेल असं मला वाटतं. आणि सापडला नाही, खरोखरच दिवसभर सगळंच सारखं जड जातंय असं दिसलं, तर तीही माहितीच आहे. मग निर्णय वेगळा होईल, पण तो वहीतल्या नोंदी बघून होईल.

१९८० मध्ये अमेरिकेत एडवर्ड येलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमवात असलेल्या नोकरदारांचा अभ्यास केला. कोण कामात टिकतं आणि कोण बाहेर पडतं, हे त्यांना शोधायचं होतं. कामाचा वेग आणि क्रम ज्यांच्या स्वतःच्या हातात होता ती माणसं जास्त टिकली. आजाराच्या वैद्यकीय तपशिलांपेक्षाही या गोष्टीचा परिणाम मोठा निघाला. माझ्या सगळ्या उत्तरांच्या मुळाशी हेच आहे. काम कमी करून मिळतं त्यापेक्षा कामाची वेळ आणि क्रम आपल्याकडे घेऊन जास्त मिळतं.

म्हणून साहेबांकडे जाल तेव्हा सहानुभूती मागू नका, नेमके बदल मागा. समजा, वेळ एक तास पुढे सरकवून मिळावी. महिनाअखेरीच्या ज्या नोंदी आधी करून ठेवता येतात त्या वीस तारखेपासून सुरू करायची मुभा असावी. आठवड्यातून एखादा दिवस घरून. हातांसाठी उभ्या पकडीचा माउस आणि बोलून टाइप करण्याची सोय. सगळं एकदम मागू नका. वहीने जे दाखवलं तेवढंच मागा. आणि म्हणा, 'सहा आठवडे करून बघू, मग परत बसू.' कायमचा बदल म्हटलं की वरिष्ठ बिचकतात, काही आठवड्यांसाठी म्हटलं की तयार होतात. ठरलेलं दोन ओळींच्या मेलमध्ये लिहून ठेवा. उद्या साहेब बदलले तर तो मेल तुमच्या कामी येईल.

थकव्याबद्दल बोलायलाच हवं, कारण टोमणे बहुतेक त्यावरूनच येत असणार. सूज दिसते, थकवा दिसत नाही. आमवातातला थकवा हे आजाराचंच लक्षण आहे. झोप काढून तो जाईलच असं नाही. तरी त्यात इतर कारणं मिसळलेली असू शकतात : हिमोग्लोबिन कमी असणं, थायरॉइड, दुखण्यामुळे तुटक झोप, उदासी. या चारही गोष्टी तपासून घेता येतात आणि त्यांच्यावर उपाय आहेत. रोजच्या वागण्यातलं एक पथ्य मात्र मी सगळ्यांना कळकळीने सांगते. जरा बरं वाटलं की त्या दिवशी साचलेलं सगळं उरकायचं आणि मग दोन दिवस अंथरुणाला खिळायचं, हे चक्र मोडा. थकण्याच्या आधी थांबायचं. बऱ्या दिवशीही काम ठरल्याइतकंच करायचं. हे सांगायला सोपं आहे आणि करायला फार कठीण, कारण बरा दिवस आला की हात शिवशिवतात.

सहकाऱ्यांपैकी सगळ्यांना पटवत बसू नका. एका विश्वासाच्या व्यक्तीला नीट सांगा. बाकीच्यांसाठी एक वाक्य पुरे : 'मला सांध्यांचा आजार आहे, सकाळी त्रास जास्त असतो, म्हणून माझी वेळ वेगळी आहे.' हे एकदाच, शांतपणे सांगा आणि कामाला लागा.

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा आहे, मला तू म्हणा. अकराव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे. नोकरीच्या दुसऱ्या फेरीच्या मुलाखतीला बोलावलंय. मित्र म्हणतात, अजिबात सांगू नकोस. आई म्हणते, लपवून मिळवलेली नोकरी टिकत नाही. काम शिफ्टचं आहे. सांगू की नको?

आई आणि मित्र, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. मुलाखतीत आपणहून सांगितलंच पाहिजे असं नाही. ती फेरी तुझं कौशल्य तपासायला आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात आणि अमेरिकेच्या १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यात तर नोकरी देऊ करण्याआधी उमेदवाराला आजाराबद्दल विचारण्यावरच बंधनं आहेत. तू जिथे अर्ज केलास तिथला नियम आधी वाचून घे.

पण न सांगणं आणि खोटं सांगणं यांत फार अंतर आहे. नेमणुकीच्या वेळी वैद्यकीय फॉर्म भरायला दिला आणि त्यात मधुमेहाबद्दल थेट विचारलं असेल, तर खरंच लिही. खोटं लिहिलेलं पुढे उघड झालं तर तुझी बाजू घेणाऱ्यालाही तुझी बाजू घेता येत नाही. दुसरा अपवाद सुरक्षिततेचा. गाडी चालवणं, उंचावर चढणं, मोठं यंत्र हाताळणं कामात असेल तर आधी सांगायचं. साखर उतरली तर तुझ्याबरोबर दुसऱ्याचाही जीव धोक्यात येतो.

यातलं काही नसेल, तर माझ्या मते नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर आणि शिफ्टचं वेळापत्रक ठरायच्या आधी सांगावं. शिफ्ट आहे म्हणूनच हे सांगणं टाळू नकोस. दर दोन-तीन दिवसांनी पाळी बदलली तर झोप, जेवण आणि इन्सुलिन यांचा मेळ बसवणं कठीण होतं. पाळी पुष्कळ दिवस तीच राहिली आणि पुढची आधी कळली, तर डॉक्टरांबरोबर बसून डोस त्याप्रमाणे लावून घेता येतो. मग रात्रपाळीसुद्धा अशक्य नाही.

आजाराचा इतिहास सांगत बसू नकोस. साधारण असं बोल : 'मला टाइप १ मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो, इतकी वर्षं सांभाळतोय. कामात दोनच गोष्टी लागतील. साखर तपासायला किंवा काही खायला गरज पडेल तेव्हा पाच मिनिटं, आणि पाळी किमान आठवडाभर आधी कळावी.' एवढं ऐकल्यावर समोरचा घाबरत नाही. त्याला वाटलेलं असतं की काहीतरी अवघड मागणी येणार.

शेजारी बसणाऱ्या एकाला मात्र रुजू झाल्या झाल्या शिकवून ठेव. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. अशा वेळी १५ ग्रॅम लवकर भिनणारी साखर, म्हणजे तीन-चार ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेचं पाणी द्यायचं, १५ मिनिटांनी परत तपासायचं, अजून कमीच असेल तर परत द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ रुग्णवाहिका बोलवायची. आणि गोळ्यांची बाटली तुझ्या खिशात हवी; कुलूप लावलेल्या ड्रॉवरमध्ये ठेवून उपयोग नाही.

तेरेसा मे यांना २०१३ मध्ये, ब्रिटनच्या गृहमंत्री असताना, टाइप १ मधुमेह असल्याचं कळलं. त्यांनी ते जाहीर सांगितलं आणि २०१६ ते २०१९ त्या पंतप्रधान होत्या, रोज इन्सुलिन घेऊन. आईला हे जरूर सांग. मुलाखतीला मनापासून शुभेच्छा.

प्रश्न : माझ्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंचा आजार आहे. ती शिक्षिका आहे. डॉक्टर म्हणाले, ताण टाळा. माझी आई, पत्नीचा भाऊ आणि मी, आम्हा सर्वांचं मत आहे की तिने नोकरी सोडून विश्रांती घ्यावी. घर चालेल एवढं मी कमावतो. ती या विषयावर गप्प राहते. तिला कसं समजावू?

तुमच्या पत्रात तुमच्या आईंचं मत आहे, मेहुण्यांचं आहे, तुमचं आहे. ज्यांची नोकरी आहे त्यांचं नाही. त्या गप्प आहेत याचा अर्थ होकार धरू नका. तुमची काळजी खरी आहे हे ओळीओळीतून दिसतं, म्हणून स्पष्ट लिहिते : समजावणं थांबवा आणि विचारा. 'शाळेत कुठला भाग जड जातो?' असं विचारा आणि मध्ये न बोलता ऐका.

या आजारात थकवा हा सर्वांत जास्त आढळणाऱ्या त्रासांपैकी आहे, आणि शरीराचं तापमान वाढलं की लक्षणं तात्पुरती वाढतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवलं, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. अंग थंड झालं की त्रास ओसरतो, त्याने आजार वाढत नाही. आता हे शाळेच्या दिवसाला लावून बघा. अवघड तास सकाळी ठेवता येतील का? वर्ग तळमजल्यावर मिळेल का? वर्गात पंखा, थंड पाणी, बसून शिकवायला उंच खुर्ची? दोन तासांच्या मध्ये वीस मिनिटं आडवं व्हायला जागा? आजाराचा झटका आला, म्हणजे नवी लक्षणं दिवसभराहून जास्त टिकली, तर रजा लागेल, उपचार लागतील. तो काळ गेल्यावर हळूहळू परत जाता येतं. ब्रिटनच्या कायद्यात तर हा आजार निदानाच्या दिवसापासून अपंगत्वाच्या संरक्षणाखाली येतो, कारण दिसायला माणूस ठीक असतानाही त्याला सोयींची गरज असते.

आणखी एक गोष्ट, थोडी बोचेल. नोकरी सोडली तर त्यांच्या वाट्याला विश्रांती येईल असं तुम्ही गृहीत धरलंय. मी बायकांच्या थकव्याच्या वह्या पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांत ऑफिसच्या तासांइतकेच, कधी त्यांहून जड आकडे सकाळच्या आणि रात्रीच्या घरकामापुढे असतात. उकाड्यात चुलीशी उभं राहणं, धुणं, मुलांचा अभ्यास, पाहुणे. ताण टाळा म्हटल्यावर सगळ्यात आधी नोकरीवरच काट मारली जाते, ज्यातून पगार आणि मान मिळतो. घरकामावर कुणी काट मारत नाही. तुम्ही तिथून सुरुवात करा. सकाळचा स्वयंपाक आणि धुणं एक महिना तुमच्याकडे घ्या, आई आणि मेहुणे वाटा उचलतील तेवढा त्यांना द्या, आणि महिन्याने शाळेचा दिवस कसा जातो ते पत्नीला विचारा. त्यानंतरही त्यांना स्वतःला नोकरी सोडावीशी वाटली तर तो त्यांचा निर्णय, आणि तो पूर्ण मानाचा आहे.

प्रश्न : मी एका विभागाचा व्यवस्थापक आहे. टीममधला एकजण आतड्याच्या दीर्घ आजारामुळे वारंवार रजा घेतो. काम चांगलं करतो. इतर लोक 'त्यालाच का सवलत' विचारतात. मला त्याला गमवायचं नाही, पण वरून दबाव आहे.

तुमच्यासारखं विचारणारे वरिष्ठ कमी, म्हणून आधी आभार.

त्याला 'नक्की काय झालंय' असं विचारू नका. 'कामात काय अडतं आणि काय बदललं तर सोपं जाईल' असं विचारा. आतड्याच्या आजारात बहुतेक वेळा उत्तर साधं निघतं : स्वच्छतागृहाजवळची जागा, मीटिंगमधून न विचारता उठायची मोकळीक, त्रासाच्या दिवसांत घरून काम, तपासणीच्या तारखांना आधी मंजूर रजा. अमेरिकेत १९८३ पासून मालक आणि कर्मचारी दोघांनाही फुकट सल्ला देणारं 'जॉब अकोमोडेशन नेटवर्क' आहे. त्यांच्या पाहण्यांत मालकांनी केलेल्या जवळपास निम्म्या सोयींना काहीच खर्च आलेला नाही. वरच्यांशी बोलताना हे सांगा. जोडीला हेही सांगा की अनुभवी माणूस गेला तर नवा शोधून तयार करायला किती महिने जातात. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव मानला आहे. तुमच्या देशातला कायदा काय म्हणतो, हे तुमच्या विधी विभागाला एकदा विचारून ठेवा.

इतरांना त्याच्या आजाराचं नाव तुमच्याकडून कळता कामा नये; त्याने स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी. त्यांना म्हणा, 'कुणाला अडचण आली तर मी अशीच व्यवस्था करीन.' आणि मग खरंच करा. एखाद्याचे वडील आजारी पडतील, एखादीची प्रसूती असेल, तेव्हा तुमचं वागणं बघूनच कुरबूर थांबेल. अंगात त्रास असताना खुर्चीत बसून राहिलेला माणूस हजेरीपटावर हजर दिसतो, काम मात्र होत नसतं. त्याला घरी पाठवा. हजेरीऐवजी पूर्ण झालेलं काम मोजलंत तर वरचा दबावही कमी होईल.

प्रश्न : वय ५२. कारखान्यात यंत्रावर काम करत होतो. मूत्रपिंडं निकामी झाली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. नोकरी सोडावी लागली. पैशांची ओढाताण आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे मी आता नुसता पेशंट उरलोय. दिवस जाता जात नाही.

आधी एक व्यवहाराची गोष्ट, कारण कदाचित दार पूर्ण बंद नसेल. केंद्रात जाऊन होणारं डायलिसिस साधारण चार-चार तासांचं, आणि त्यानंतर गळून गेल्यासारखं होतं. पोटातून होणारं पेरिटोनियल डायलिसिस घरी करता येतं, त्याचा एक प्रकार रात्री झोपेत यंत्रावर होतो आणि दिवस मोकळा राहतो. ते सगळ्यांना चालत नाही. तुम्हाला चालेल का, केंद्रात संध्याकाळची वेळ मिळेल का, आणि प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवलंय का, हे तीन प्रश्न नेफ्रॉलॉजिस्टना विचारा. हिमोग्लोबिन किती आहे तेही विचारा. मूत्रपिंडाच्या आजारात ते उतरतं, माणूस त्यानेच मोडून पडतो, आणि त्यावर इंजेक्शनं आहेत. यंत्रावर परत जाणं मात्र तपासूनच. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिन्या, असलेल्या हाताने जड उचलायचं नाही, त्या हातावर दाब येऊ द्यायचा नाही.

आता दिवस जात नाही, त्याबद्दल. १९३० च्या सुमारास व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावातली गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि त्यांचे सहकारी तिथे जाऊन लोकांचं जगणं बघत राहिले. वेळच वेळ असूनही वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं. पुरुष रस्त्यावरून हळू चालायचे, मध्येच थांबायचे, बहुतेकांनी घड्याळ वापरणं सोडलं होतं. पुढे याहोदांनी मांडलं की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते : दिवसाला आखणी, घराबाहेरची माणसं, मिळून काही करण्याचा हेतू, समाजात स्थान, आणि नियमित हालचाल. तुमचं पत्र वाचताना मला तेच गाव आठवलं. तुमच्यात काही खोट आली म्हणून दिवस जात नाही असं नाही. पाच आधार एकदम निघाले आहेत.

यांतला कुठला सर्वांत जास्त सलतो, ते ठरवा. बहुतेकांचं पहिलं उत्तर माणसं असतं. डायलिसिसच्या खुर्च्यांवर तुमच्या शेजारी तीच माणसं त्याच वारांना येत असतील. त्यांतल्या नव्याने आलेल्याला पहिल्या महिन्यात काय काय होतं हे सांगायला तुमच्याइतका जाणकार कोण? ही वेळ काढायची म्हणून सुचवलेली गोष्ट नाही. नवा रुग्ण किती घाबरलेला असतो हे तुम्हाला माहीत आहे.

आणि तुमचं यंत्राचं ज्ञान. आवाजावरून बेअरिंग जातंय हे ओळखणारा माणूस पुस्तकातून तयार होत नाही. तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना, लहान कारखान्यांना आठवड्यातून दोन दिवस शिकवायला, तपासणी करायला, बसून सल्ला द्यायला अनुभवी माणूस हवा असतो. पूर्ण पगार मिळणार नाही, पण थोडा मिळेल, आणि दोन दिवस ठरलेल्या वेळी घराबाहेर पडणं होईल. चौकशी करतानाच वार सांगून टाका : डायलिसिसच्या दिवशी जमणार नाही, मधल्या दिवशी दुपारपर्यंत येईन. सुरुवातीला दोन-तीन तासच घ्या, महिनाभर थकवा कसा राहतो ते लिहून ठेवा आणि मग वाढवायचं का ते ठरवा. ती नोंद घेऊन पुन्हा लिहा. पुढचं वेळापत्रक आपण मिळून बसवू.